आज तू रुखमा

नागपूर, ९ नोव्हेंबर २०२५

रुखमे,

तं सगळ्यात पहिले आली ती काजल. दहावीतली पोट्टी, दोन वेण्या, हातात मोबाईल. दारातूनच विचारते, फोटोतल्या आजी इथंच राहतात का? मी मेथी तोडत बसली होती. म्हटलं, कोणत्या फोटोतल्या वं? माहा एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा, त्याच्यात मी चोरासारखी दिसते. तिच्या मागून आला भूपेश. हार्डवेअरच्या दुकानवाला, पोट सुटलेला, आपल्या भोंग्याच्या शाळेत दहावीले तीनदा बसला, आता त्याच शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष आहे. अन् सगळ्यात शेवटी, गाडी सावलीत लावून, उत्तरा मॅडम. हेडमास्तरीण. कडक इस्तरीची साडी अन् पायात पोराचे असतात तसे बूट.

तिघांले बसायले एकच खाट. मयुरी ऑफिसात गेली होती, नाही तं तिनं खुर्च्या आणल्या असत्या. मी तर्री-पोहे केले. मॅडमनं दोनदा घेतले.

तुले फोनवर ऐकू येत नाही म्हणून हे सारं लिहून राहिली. मयुरी म्हणते, आजी, व्हिडिओ करून पाठव, तिचा नातू गोलू दाखवीन. मी म्हटलं, नाही बाप्पा. तिले चिठ्ठीच आवडते. अन् माहं अक्षर तुहंच आहे ना वं. लहान शाळेत पहिलीत मी दोन महिने गेली असन, मंग बाबानं मागाच्या सुताच्या कांड्या भरायले बसवलं. तूच मले मागाच्या खांबावर खडूनं ग म भ न शिकवलं होतं. तुह्या बाबानं ते पाहिलं अन् खांब पुसायले लावला. तू पुसला, मी पाणी ओतलं. आठवते का?

आता असं आहे, शाळेले पंचाहत्तर वर्षं झाली. पोट्टे उरले एकशेसहा. बाकीचे सारे पिवळ्या बसमधून इंग्लिश शाळेत जातात. मॅडम म्हणाल्या, शंभराच्या खाली पट गेला का शाळा दुसऱ्या शाळेत घालतात, मंग ही इमारत रिकामी. म्हणून यंदा मोठा कार्यक्रम करून राहिले, सव्वीस जानेवारीले. पेपरवाले येतीन, नगरसेवक येतीन. भूपेशनं मिलचा भोंगा कुठून तरी मोबाईलमध्ये भरून आणला, तो स्पीकरवर वाजवणार आहे. आपल्या वेळी शाळेले घंटाच नव्हती, मिलचा पहिला भोंगा वाजला का प्रार्थना अन् दुसरा वाजला का सुटी. त्यानं मले ऐकवला. मी उठून उभीच राहिली, हात कांड्यांच्या टोपलीकडं गेला. तिघं हसले.

अन् शाळेत इतिहासाची भिंत करून राहिले. त्याच्यासाठी जुनी कपाटं उघडली तं एक फोटो सापडला, काचेचा. मधोमध तपासणीचे साहेब, बाजूले आपले मधुकरराव हेडमास्तर, मागं अकरा पोट्ट्या अन् समोर एक पोट्टी हातात दिवा घेऊन. फोटोच्या मागं शाईनं नावं लिहिली आहेत. भूपेशच्या मायनं ओळखलं. म्हणाली, हा गालावरचा तीळ तं तुळजाबाईचा.

त्यांनी फोटो माह्या मांडीवर ठेवला अन् विचारलं, तुम्हीच का? मी म्हटलं, मीच. खोटं कुठं आहे? चेहरा माहाच, तीळ माहाच.

तं आता माहा सत्कार आहे. शाळेची पहिली गुणवंत मुलगी. शाल, नारळ, अन् वाचायच्या खोलीवर नावाची पाटी. मॅडम मले रुखमाताई म्हणून राहिल्या होत्या. मी म्हटलं, म्हणू द्या.

तू ये कार्यक्रमाले. पुढच्या रांगेत बसवते तुले.

तुही तुळजा

•

उमरेड, १७ नोव्हेंबर २०२५

तुळजेस आशीर्वाद.

पत्र मिळालं. गुडघे तसेच आहेत. गोलूची परीक्षा चालू आहे. इकडे थंडी पडली.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला एक गोष्ट कळली नाही. तू आपल्या शाळेत कधी नव्हतीस. फोटोमागे मास्तरांनी नाव कोणाचं लिहिलं आहे? ते तुला रुखमाताई का म्हणतात? माझ्या माहेरच्या नावानं मला आता तुझ्याशिवाय कोणी हाक मारत नाही. इथे मी जिजाबाई आहे.

तो फोटो तपासणीच्या दिवसाचा असेल, तर जानेवारी १९६२ चा. त्या दिवशी मी शाळेत गेले नव्हते. हे मी त्रेसष्ट वर्षं सांगते आहे. आधी रडून सांगायची, मग मनातल्या मनात. त्या दिवशी माझ्या जागेवर कोण उभं होतं हे मला आजवर कोणी सांगितलं नाही. मला वाटायचं, मास्तरांचीच मुलगी असेल.

तू नीट लिही. काही वगळू नकोस.

जिजाबाई

•

नागपूर, २४ नोव्हेंबर २०२५

रुखमे,

तुही चिठ्ठी वाचून मले तं हसूच आलं. बुकासारखं लिहिते तू. काही वगळू नकोस म्हणे, जशी मी कोर्टात उभी आहे. अन् मले वाटलं तुले माहीत असन. एवढ्या वर्षांत तू कधी विचारलंच नाही, तं मी कशाले सांगू?

आईक मंग. मजेची गोष्ट आहे.

तुहे माय-बाबा उमरेडले गेले होते, लुगड्यांचं गाठोडं घेऊन. तू बाहेरची बसली होती, मागच्या खोलीत पोत्यावर, दुसरा दिवस तुहा. मी आमच्या अंगणात कांड्या भरून राहिली होती. बोटं सारी लाल, लाल रंगाचं सूत होतं त्या दिवशी. मधुकरराव मास्तर पळत आले. जानेवारीच्या थंडीत घाम. शाळेत साहेब बसले होते तपासणीचे. पटावर बारा पोट्ट्या होत्या अन् बारा हजर दिसल्या तरच मुलींचा वर्ग चालू राहणार होता. अकरा आल्या होत्या. बारावी तू.

त्यांनी विचारलं, रुखमा कुठं आहे? मी म्हटलं, बसली आहे, यायची नाही. ते तसेच उभे राहिले. मंग माह्याकडं पाहिलं. खरं सांगते, तोवर माह्याकडं कोण्या मास्तरनं असं पाहिलं नव्हतं. राखेनं माहे हात घासले, त्यांच्या पोरीचा फ्रॉक मले घातला, रस्त्यानं बोट धरून चालले अन् चालता चालता म्हणाले, “आज तू रुखमा. बापाचं नाव नानाजी. विसरशील का?”

मी म्हटलं, नाही विसरत. आजपर्यंत नाही विसरली पाहा.

साहेबानं कविता विचारली. तीच विचारली जी तू मागाशेजारी बसून घोकत होती. तू घोके अन् मी कांड्या भरता भरता आइके. तुले चार दिवस लागत, मले दोन. मी धडाधडा म्हणून दाखवली. साहेबानं टेबलावर हात मारला. मंग सरस्वतीच्या फोटोपुढं माह्या हातून दिवा लावला, तवाच तो फोटो निघाला. अन् कंपासपेटी इनाम दिली, पितळेची, झाकणावर हत्ती. मास्तरनं वहीत तुह्या नावापुढं हजर लिहिलं.

बस, एवढंच आहे. त्या एका दिवसानं मुलींचा वर्ग वाचला वं. किती पोट्ट्या शिकल्या मंग तिथं. माही सून शिकली. हे पुण्य तुह्याच नावावर गेलं ना, माह्या नाही.

ती कंपासपेटी माह्यापाशीच आहे. तुह्या बाबानं ती रस्त्यावर फेकली होती, मी उचलली. सुया-बटणं ठेवते त्याच्यात. मॅडमले दाखवली तं त्यांनी ती कपाळाले लावली.

अन् नावाचं म्हणशीन तं मॅडमनंच विचारलं, आधारवर तुळजाबाई अन् वहीत रुखमा, कसं काय? मी म्हटलं, आमच्यात लग्नात नाव बदलते. माहेरची रुखमा, सासरची तुळजा. त्यांनी मान डोलावली. जन्माच्या सालात एका वर्षाचा फरक येत होता, तं म्हणाल्या, चालते आजी, तेव्हा तारखा कोण पाहत होतं. किती समजदार बाई आहे. मले मधुकरराव मास्तरची आठवण आली.

तुहं तं खरंच बदललं ना. जागेश्वर भाऊजीच्या पहिल्या बायकोचं नाव जिजाबाई, घरातल्या साऱ्या भांड्यांवर तेच कोरलेलं, म्हणून तुलेही तेच दिलं. भांडी बदलायचं काम नाही. आम्ही पोट्ट्या किती हसलो होतो त्या दिवशी. मंग तुले आता रुखमा नावाचं काय काम आहे? पडूनच होतं ते. मी वापरलं.

तू ये मात्र. फक्त तिथं काही बोलू नको. तसं तुले ऐकूच येत नाही, तं बोलशीन काय.

मयुरीसंग बर्डीवर जाऊन साडी आणली, मोरपंखी. फोटोत उठून दिसते म्हणे.

तुही तुळजा

•

उमरेड, १ डिसेंबर २०२५

तुळजे,

मजेची गोष्ट तू अर्धीच लिहिलीस. उरलेली मी लिहिते. मी ती कोणालाच सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही, मुलांनाही नाही. तू वाच.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईबाबा उमरेडहून आले. बाबांच्या खांद्यावरचं गाठोडंसुद्धा उतरलं नव्हतं. मास्तर आले, हातात ती पेटी आणि कागदात पेढे. म्हणाले, नानाजी, तुमच्या रुखमानं शाळेची लाज राखली, देवीपुढचा दिवा तिच्याच हातानं लागला. त्यांना माहीत होतं मी कुठे होते. पण त्यांनी वहीत हजर लिहिलं होतं, आता ते तरी काय बोलणार.

बाबा वळून कोपऱ्याकडे आले. माझा तिसरा दिवस होता. मी म्हटलं, मी गेले नाही. मास्तरांकडे बघून म्हटलं. त्यांनी जमिनीकडे पाहिलं. विटाळशी पोरगी घराबाहेर गेली, देवीजवळ गेली, साहेबापुढे उभी राहिली, आणि वर खोटं बोलते. बाबांना मला शिवता येत नव्हतं. म्हणून त्यांनी मागाची लांब काठी आणली आणि लांब उभं राहून मारलं. काठीच्या टोकानं मारलं तुळजे, जनावराला हाकलतात तसं. थांबले की विचारायचे, गेली होतीस ना? मी नाही म्हटलं की पुन्हा. शेवटी मी हो म्हटलं.

माझी पुस्तकंही मला शिवलेली. आईनं ती चिमट्यानं एकेक उचलली आणि न्हाणीच्या चुलीत घातली. इतिहास, भूमिती, कवितेचं पुस्तक, सातवीच्या साऱ्या वह्या. त्यावर पाण्याचा हंडा ठेवला. चौथ्या दिवशी सकाळी मला न्हायला घातलं ते त्याच पाण्यानं. आई म्हणाली, चांगलं कडक तापलं आहे.

सहामाहीत मी पहिली होते. मुलांना धरून पहिली. मला मास्तरीण व्हायचं होतं आणि मधुकरराव म्हणायचे, होशील. त्या दिवसानंतर मी शाळेचं दार पाहिलं नाही. अक्षय तृतीयेला माझं लग्न लावलं, मुलगी हाताबाहेर गेली म्हणून घाईनं, बिजवराशी. दाखला मास्तरांनी घरी पाठवला. तो अजून माझ्या पेटीत आहे. नाव रुखमा नानाजी, वर्ग सातवा, शाळा सोडण्याचं कारण, घरकाम.

आणि तू दारात उभी होतीस. कडेवर कांड्यांची टोपली. तुझ्या तोंडात पेढा होता. तू चावायची थांबली होतीस. मला सगळी वर्षं वाटत आलं की तू भ्यायलीस, तुला माझी कीव आली म्हणून तू बोलली नाहीस.

आता मी रागावत नाही. तुला बारा वर्षं होती, मला तेरा. सत्कार तू घे. शाल घे, साडी नेस, पेटी तुझ्याजवळ ठेव. मला एकच हवं आहे. ते लोक पुन्हा आले की त्यांना एक वाक्य सांग: फोटोतली मी आहे, नाव माझ्या चुलत बहिणीचं आहे, आणि ती त्या दिवशी गेली नव्हती. बस. बाबा गेले, आई गेली, मास्तर गेले. मी खरं बोलत होते हे जाणणारी जगात तू एकटी उरली आहेस. माझ्या डोळ्यांदेखत एकदा कोणीतरी म्हणावं की पोरगी खोटं बोलत नव्हती.

एवढं कर.

रुखमा

•

उमरेड, २२ डिसेंबर २०२५

तुळजेस,

तीन आठवडे झाले. ते आले होते का? सांगितलंस का? एका ओळीचं कार्ड टाकलंस तरी चालेल.

रुखमा

•

नागपूर, २ जानेवारी २०२६

जिजाबाई,

उशीर झाला, रागावू नको. डोळ्यामुळं झाला. धंतोलीत मोतीबिंदू काढला, एका डोळ्याचा. डॉक्टर एवढासा पोट्टा, मयुरीपेक्षा लहान. म्हणे आजी, वाचू नका दहा दिवस. पण तुही चिठ्ठी मी वाचली. तीनदा वाचली, हिरवी पट्टी वर करून करून. मयुरीले दाखवली नाही, गादीखाली ठेवली. ती वाचून मले दोन दिवस जेवण गेलं नाही, हे तुले सांगून ठेवते. मंग तिसऱ्या दिवशी वांग्याची भाजी होती.

मंगळवारी आले ते. तीस तारखेले. ह्या वेळी पहिले भूपेश आला, हातात पेढ्यांचा डबा. मंग मॅडम. काजल मागून, तिपाई घेऊन, मोबाईल त्याच्यावर बसवते ती. खिडकीचा पडदा काढला, उजेड पाहिजे म्हणे. मले मोरपंखी साडी नेसायले लावली.

मॅडमनं विचारलं, रुखमाताई, आम्ही जुना पट पाहिला. सातवीत तुमचा पहिला नंबर अन् आठवीत नावच नाही. काय झालं होतं?

आता माही गोष्ट आईक अन् मंग काय बोलायचं ते बोल. मी तुहंच वाक्य सांगणार होती. तुह्या गळ्याची शपथ. मी सुरू केलं, “फोटोतली मी आहे,” एवढं म्हटलं अन् मॅडमनं माहा हात हातात घेतला. त्यांचा हात किती मऊ वं. समोर तो मोबाईल, तिघं माह्या तोंडाकडं पाहून राहिलेले, जसे त्या दिवशी साहेब पाहून राहिले होते. अन् माहं पाठांतर तं तुले माहीत आहे. तोंड उघडलं अन् तुही सारी चिठ्ठी बाहेर आली. पहिल्या ओळीपासून. फक्त मी म्हणून.

खांद्यावरचं गाठोडं, ती काठी, लांब उभं राहून मारणं, सारं सांगितलं. चिमट्यानं उचललेली पुस्तकं सांगितली. पाण्यापाशी आली, चांगलं कडक तापलं आहे, तं मॅडमले रडू आवरलं नाही. भूपेश चष्मा पुसत बसला. मले पण रडू आलं. खरं आलं. मले माहीतच नव्हतं का मले एवढं दुखलं असन.

अन् ती काजल. तिनं मोबाईल सोडून दिला अन् एकदम म्हणाली, आम्ही पण चार दिवस येत नाही शाळेत, पोरींच्या बाथरूमले कडीच नाही. भूपेशचं तोंड एवढंसं झालं. हार्डवेअरचं दुकान त्याचं अन् शाळेच्या बाथरूमले कडी नाही. दुसऱ्या दिवशी दोन दारं अन् पितळेच्या कड्या लागल्या. हे कोणामुळं झालं? तूच सांग. तू पेटीत चिठ्ठ्या ठेवून बसली असती तं झालं असतं का?

एक गोष्ट मात्र वेगळी झाली, ती तुह्या कानावर येईनच म्हणून मीच सांगते. मॅडमनं विचारलं, त्या वेळी कोणीच बोललं नाही का तुमच्या बाजूनं? आता काय सांगू? सगळं तं मी झाली होती, दारातली जागा रिकामी होती. मी म्हटलं, एक चुलत बहीण होती. तिले सारं माहीत होतं. दारात उभी होती, पेढा खात. बोलली नाही.

काजलनं विचारलं, आहेत का त्या अजून? मी म्हटलं, आहे, उमरेडले. जिजाबाई. जाऊ द्या, म्हातारी झाली, कानानं बहिरी आहे. मी केव्हाच माफ केलं तिले. भूपेश म्हणाला, आजी, तुमचं मन मोठं आहे, मी असतो तं तिचं तोंड पाहिलं नसतं.

काजलनं तो व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर टाकला. मयुरी म्हणते, चार हजार लोकांनी पाहिला. सहा जणांनी आपल्या पोट्ट्यांची नावं शाळेत घातली म्हणे, म्हणजे पट एकशेबारा झाला. उमरेडलेही पोचला असन. गोलूनं पाहिला असन तं त्याले म्हण, जुन्या गोष्टी आहेत, मनावर घेऊ नको. तू पाहू नको. आवाज नाही येत तुले, नुसतं माहं तोंड हलताना पाहून काय समजणार.

तुले वाटत असन मी तुहं घेतलं. मी पण विचार केला त्याच्यावर, मोतीबिंदूच्या वेळी, डोळा झाकून पडली होती तवा. तुह्यापाशी सात वर्गांचं होतं. रोजचा भोंगा होता, रोजची हजेरी, पहिला नंबर, होशील म्हणणारे मास्तर. माहं सारं मोठ्या शाळेत जाणं एका सकाळचं आहे. त्या सकाळी पण मी तूच होती. अन् तू तीच एक सकाळ मागून राहिली. देऊन टाकली तं माह्यापाशी राहते काय? कांड्या.

आता कार्यक्रमाले तू येऊ नको. मीच म्हटलं होतं ये, पण आता बरं दिसत नाही, लोकं तुले ओळखतीन. एस.टी.चा त्रास अन् थंडी पण आहे.

एक काम कर फक्त. तो दाखला तुह्या पेटीत आहे म्हणाली ना, तो गोलूच्या हातानं पाठवून दे. मी मॅडमले बोलून बसली का माहा दाखला गावाकडं ठेवला आहे. काचेच्या पेटीत ठेवतीन, फोटोच्या खाली, कंपासपेटीच्या बाजूले. रुखमाच्या नावाचा आहे, तुह्या जिजाबाईच्या घरात तो कोणाच्या कामाचा? इथं पोट्ट्या येऊन वाचतीन तं खरी.

पण लवकर पाठव. वाचायच्या खोलीची पाटी रंगवून झाली, ती मले दाखवायले अन् दाखला घ्यायले ते तिघं येत्या गुरुवारी, आठ तारखेले, चार वाजता येतो म्हणून सांगून गेले आहेत.

तुही तुळजा